अकरा पावलांवरचा समुद्र

ब्राह्मणपुरीला परतून आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत भेटलेल्या बहुतेकांनी मला एकच विचारले, लंका खरोखर सोन्याची आहे का? नाही. मी पाहिली ती लंका नारळाची, तांबड्या ओल्या मातीची आणि आगबोटींच्या धुराची आहे. तिथले कोलंबो शहर आम्ही तिघांनी चार दिवस पाहिले. प्रत्येकाला निराळे सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे म्हणून हे कागद घेतले. तिथे आमच्या हातून एक चूक झाली. आमच्या म्हणजे माझ्याच हातून झाली. तीही जशी झाली तशी लिहिली आहे.

आम्ही तिघे कोण ते आधी सांगतो. पुरुषोत्तमभाई आमच्या गावचे गुजर शेतकरी. केळी, कापूस आणि थोडी मिरची. त्यांची कमल लहानपणी तापाने एकवीस दिवस अंथरुणावर होती, तेव्हा त्यांनी नवस केला होता की हिचे लग्न ठरले की हळदीच्या आत तापीचे पाणी रामेश्वराला वाहीन. लग्न ठरले. माघ वद्य सप्तमीची हळद निघाली. दुसरा गोविंदा, माझा शाळेपासूनचा सोबती, नंदुरबारच्या मिरचीबाजारात दलालाकडे कामाला. त्याची जीभ स्वस्थ बसत नाही. तिसरा मी. शहाद्याला जमीन मोजणीच्या कचेरीत मला बावीस वर्षे झाली. साखळी नसेल तर मी पावलांनी मोजतो आणि वावराच्या लांबीत माझी चूक सहसा हातभराच्या वर जात नाही. गावात मला नाना म्हणतात.

लंकेची कल्पना माझी. रामेश्वरापर्यंत जायचे आणि समोरची लंका न पाहता मागे फिरायचे, हे मला पटेना. मी गाड्यांचे वेळापत्रक घेऊन बसलो आणि जाण्यायेण्याचा तक्ता तयार केला. त्याप्रमाणे आम्ही षष्ठीला, म्हणजे हळदीच्या एक दिवस आधी, घरी पोचत होतो. पुरुषोत्तमभाईंच्या घरी तक्ता वाचून दाखवला तेव्हा वहिनी दाराआडून म्हणाल्या, "पोरनी हळदले बाप आठे पाहिजे, नाना. मी दुसरं काही सांगत नही."

मी त्यांना शब्द दिला.

रामेश्वर आणि पलीकडे

पासपोर्ट मिळायला पाच महिने लागले, तो भाग सोडतो. गाड्या बदलत रामेश्वरला पोचलो. देवळाच्या ओवरीतले खांब मी मोजायला घेतले होते. चारशेच्या थोडे पुढे गेलो असेन, तेवढ्यात गोविंदाने हाक मारली आणि आकडा निसटला. दगडाचे एवढे मोठे काम मी आयुष्यात पाहिलेले नाही. पुरुषोत्तमभाईंनी तापीचे पाणी वाहिले. एकही थेंब बाहेर सांडू दिला नाही.

अग्नितीर्थावर आम्ही तिघांनी जन्मात पहिल्यांदा समुद्रात आंघोळ केली. सुरतेला मी दोनदा गेलो आहे, पण स्टेशन ते बाजार एवढाच. इथले पाणी सारंगखेड्याच्या घाटावरच्या तापीसारखे शांत होते. कपडे पाण्यापासून चार पावलांवर ठेवले होते. तासाभराने आलो तरी कोरडे. समुद्र म्हणजे चवीला खारट अशी एक मोठी नदीच, असे मी मनाशी ठरवून टाकले. पुढे जे झाले त्याचे मूळ या ठरवण्यात आहे.

धनुष्कोडीला जमीन संपते. रुळाच्या दोन्ही अंगांना वाळू आणि वाळूच्या दोन्ही अंगांना पाणी. तिथून आगबोटीने सुमारे तीन तासांत लंकेचे तलैमन्नार आले. बोटीवर पुरुषोत्तमभाई डोळे मिटून बसून होते. गोविंदा त्यांच्या कानाशी जाऊन सांगत होता, "भाई, डोया उघाडा. मारुतीनी बी उघड्या डोयाघाईच उडी मारेल शे."

तलैमन्नारच्या धक्क्याला लागूनच कोलंबोची रात्रीची गाडी उभी होती. धनुष्कोडीपर्यंतचे रूळ अरुंद होते. इथले पुन्हा नंदुरबारच्या रुळांइतके रुंद दिसले. खात्री करावी म्हणून मी वाकून वितीने मोजू लागलो, तर एका शिपायाने दरडावून वर चढायला लावले. लाकडी बाकांवर बसल्या बसल्या रात्र गेली. बाहेर काळोख आणि झाडी, दुसरे काही दिसले नाही.

उजाडले तेव्हा मात्र आम्ही तिघेही खिडकीला लागलो. माघाचा महिना. आपल्याकडे या दिवसांत माळ पिवळा पडलेला आणि नंदुरबारच्या पथारींवर वाळत घातलेली मिरची तेवढी लाल. इथे जिथे पाहावे तिथे हिरवे. घरांच्या मागे पाणी, घरांच्या पुढे पाणी, आणि नारळ इतके, की एका मिनिटात किती मागे जातात ते मोजायला घेतले आणि शंभरावर सोडून दिले.

"नाना, आठे झाडेसले कोणी पानी देस का नही?" गोविंदा म्हणाला. "बठं आपलं आपलंच वाढी ऱ्हायनं."

पुरुषोत्तमभाई बाहेर पाहतच म्हणाले, "आपण केयीले मोट मारी मारी मरी गऊत." त्यात हेवा नव्हता. देवळात माणूस जसा हळू बोलतो तसे ते बोलले.

कोलंबो

पुरुषोत्तमभाईंच्या व्याह्यांच्या ओळखीचे एक बोहरी व्यापारी पेट्टा नावाच्या बाजारपेठेत राहतात. त्यांच्या गुदामावरच्या खोलीत आमची सोय होती. खाली वेलदोडे, सुपारी, मिरची, वर आम्ही. शेठ गुजरातीत बोलले तेव्हा पुरुषोत्तमभाईंच्या चेहऱ्यावर गाव सोडल्यापासून पहिल्यांदा हसू आले.

गुदामात मिरचीचे पोते उघडे होते. पुरुषोत्तमभाईंनी त्यातली एक मोडली, बी पाहिले, वास घेतला.

"ही आपली नही," ते म्हणाले.

"कशी वळखी?" गोविंदाने विचारले.

"आपली ऱ्हाती तर तू आतेलोंग दहा डाव शिंकता."

त्याच दुकानात काळपट लाकडाच्या ढलप्या रचून ठेवल्या होत्या. मला वाटले काष्ठौषधी असेल. हातात घेऊन नाकाशी नेली आणि शेठ घाईने ओरडले, "अरे, ए तो माछली छे!" वाळवून लाकूड केलेला मासा. इथले लोक तो खोबऱ्याच्या चटणीत कुटून घालतात. पुरुषोत्तमभाईंनी त्या दिवसापासून चटणीला हात लावला नाही. एका तमिळ शाकाहारी खाणावळीत आम्ही दोन्ही वेळा जेवलो. केळीच्या पानावर भात, आमटी, नारळाची भाजी. भाकरीवाचून चार दिवस निघतात, हे मला तिथे कळले.

बंदरावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. पहिल्या दिवशी तेवीस बोटी मोजल्या. त्यांतली एक सरकू लागली तेव्हा आधी मला वाटले आपणच सरकतो आहोत. आमचे सगळे गाव, गुरांसकट, तिच्यात बसले असते. रस्त्यावर दुमजली बसगाड्या, आणि डोक्यावरच्या विजेच्या तारेला दांडा टेकवून धूर न काढता धावणाऱ्याही बसगाड्या. गोविंदाने दुमजली बसच्या वरच्या मजल्याची पुढची जागा धरली आणि उतरायचे ठिकाण गेले तरी उतरला नाही. "खाले काय शे?" म्हणाला. त्याचे बरोबर होते.

माघी पौर्णिमा

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. समुद्रस्नान करायचे ठरले. शहराच्या दक्षिणेला बसने पाऊण तासावर कोळ्यांची वस्ती आणि उतरती वाळू होती, तिथे गेलो. इथला समुद्र रामेश्वरच्यासारखा नव्हता. लाट उभी राहायची, क्षणभर हिरवी दिसायची, मग फुटायची. आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. पुरुषोत्तमभाईंनी हात जोडले. पाण्याला पलीकडचा काठ नाही, ही गोष्ट ऐकून माहीत असणे वेगळे आणि समोर उभे राहून पाहणे वेगळे.

कपडे घडी करून ठेवले. त्यांवर माझी नकाशांची पिशवी, कॅनव्हासची, आतून मेणकापड लावलेली. तिच्यात तिघांचे पासपोर्ट, परतीची तिकिटे आणि लस टोचल्याचे दाखले. ही लाट मोठी आहे म्हणून मी सावधगिरीने पाण्याच्या रेघेपासून अकरा पावले मोजली. रामेश्वरच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा साडेदहा झाले होते. घड्याळ गोविंदाचे, पाण्यात चालते की नाही ते पाहायचे म्हणून ते तो घालूनच उतरला होता.

आंघोळ झाली आणि काठावर कोळ्यांनी मोठे जाळे ओढायला घेतले. समुद्रात लांब अर्धगोल पसरलेले जाळे, दोन दोऱ्या. एका दोरीला एकवीस माणसे, दुसरीला एकोणीस. मी आणि गोविंदा एकोणिसाच्या दोरीला लागलो, म्हणजे बरोबरी झाली. मासे पाहायचे नाहीत म्हणून पुरुषोत्तमभाई दूर नारळाखाली पाठ करून बसले. दोरी खांद्यावर घेऊन एका तालात मागे मागे जायचे. समुद्रच ओढून काठावर आणतो आहोत असे वाटत होते. सव्वा तास कसा गेला समजले नाही. जाळे वर आले तेव्हा आत चांदी उसळत होती.

मी वळून पाहिले. कपडे ठेवले होते तिथे पाणी होते.

तापी पावसाळ्यात चढते, पण ती सांगून चढते. दोन दिवस आधी पाणी गढूळ होते. कोरड्या माघात, स्वच्छ उन्हात, पाणी आपल्या आपण चढते हे आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. भरती हा शब्द मी वाचला होता. एवढेच.

गोविंदा पाण्यात धावला आणि एक चप्पल घेऊन आला. पुरुषोत्तमभाई उठून आले. त्यांना सांगावे लागले नाही. ओल्या धोतरात ते त्या जागेकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

"तुन्हा हिशोबवर मी घर सोडं, नाना. आते पोरले काय सांगू? आठ रोज मांडव दारशी ऱ्हाई, आन बाप परमुलुखमा नागडा बसना म्हणू?"

उद्या संध्याकाळची गाडी चुकली, तर माझ्या तक्त्यात मोकळा असा एकच दिवस होता. पासपोर्ट नसताना त्या देशातून कोण बाहेर सोडणार? नवे कागद व्हायला किती दिवस लागतील? आमच्याकडच्या लोकांनी चोरून येऊन राहू नये म्हणून तिथले पोलीस किती कडक आहेत, हे शेठनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते.

जाळ्याच्या कोळ्यांत पेद्रु नावाचा एक म्हातारा होता. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता आणि मुंबईच्या गोदीत चार वर्षे राहिला होता, त्यामुळे हिंदुस्तानी तोडके बोलायचा. तो जवळ आला.

"कितना दूर रखा था?"

"अकरा... ग्यारह कदम," मी म्हणालो.

"ग्यारह!" त्याने ते आपल्या लोकांना ओरडून सांगितले आणि चाळीसच्या चाळीस माणसे हसली. मग त्याची नजर पुरुषोत्तमभाईंवर गेली आणि तो थांबला. मी हातवारे करून सांगितले की यांच्या मुलीचे लग्न आहे, सात दिवसांनी हळद आहे, आणि कागद त्या पिशवीत आहेत.

"पानी लेके गया, पानी देगा," पेद्रु म्हणाला. "रुको. आज चाँद पूरा?"

"पूरा. पौर्णिमा."

"पोया," तो म्हणाला. त्यांच्याकडे तिला पोया म्हणतात. मग त्याने उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला आणि एकेक पेर मोजत वर निघाला. मी तिथी मोजतो ती अशीच. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, करंगळी संपली की पुढचे बोट, चारही बोटे संपली की पुन्हा करंगळी. माझा अंगठाही नकळत चालू लागला. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या. दोघेही पंधरावर थांबलो आणि एकमेकांच्या हाताकडे पाहू लागलो. ज्या मोजणीने आम्ही चतुर्थीचा उपास धरतो, त्याच मोजणीने हा माणूस समुद्र केव्हा चढेल ते सांगत होता.

त्याने आकाशात बोट दाखवले. सूर्य अमुक जागी येईपर्यंत पाणी चढणार, मग उतरणार. "सूरज नीचे, तब पत्थर बाहर." कोणता पत्थर? ते दाखवायला त्याने नारळाचे एक सुके सोडण उचलले आणि आमचे कपडे होते त्या जागेसमोर पाण्यात फेकले. मग आम्ही त्याच्या बरोबर काठाने चालू लागलो. लाट ते आत न्यायची, बाहेर टाकायची, पण प्रत्येक वेळी थोडे उत्तरेला. मी पावले मोजत होतो. सहाशे चाळिसाव्या पावलाला सोडण काळ्या खडकांच्या एका रांगेत शिरले आणि पुन्हा बाहेर आले नाही. खडक तेव्हा पाण्याखाली होते. वर नुसता फेस दिसत होता.

"उधर," पेद्रु म्हणाला. "अभी जाएगा तो मरेगा. बैठो."

आम्ही बसलो. पेद्रुच्या बायकोने ताडाच्या गुळाचा खडा आणि कोरा चहा दिला. त्याने पिवळ्या सालीचे शहाळे फोडून पुरुषोत्तमभाईंपुढे धरले. त्यांनी मान हलवली. गोविंदाने प्रयत्न केला.

"भाई, प्या. कमलना सासरना आहेर समजा."

"गोविंदा, आते नको."

गोविंदा गप्प झाला, आणि तो गप्प झाला तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी पाणी वाळूत सर्वात वर आले. मी तिथे काठी रोवली. करण्यासारखे दुसरे काही नव्हते. त्यानंतरची लाट काठीपर्यंत आली नाही. पुढची आणखी खाली राहिली. कोणी हुकूम केल्यासारखा समुद्र मागे जाऊ लागला. मी चिंता विसरून पाहत राहिलो, हे कबूल करतो. एवढे पाणी! आणि ते कुठे जाते?

साडेपाचच्या सुमारास खडकांचे माथे दिसू लागले. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा त्यांच्यामध्ये गुडघाभरच पाणी उरले होते. पेद्रु पुढे, आम्ही मागे. आधी माझी टोपी सापडली. मग गोविंदाचा सदरा, एका बाहीशिवाय. पुरुषोत्तमभाई खाली वाकून प्रत्येक फटीत हात घालत होते. ज्यांनी तीन दिवस माशाच्या वासानेही तोंड फिरवले होते, ते खेकड्यांच्या बिळांत कोपरापर्यंत हात घालत होते.

"नाना!" त्यांनी हाक मारली.

पिशवी दोन दगडांत पाचरीसारखी बसली होती. तिचा पट्टा तुटला होता. मेणकापडाची गाठ मात्र तशीच होती. आत चमचाभर पाणी. पासपोर्टांच्या कडा भिजल्या होत्या, पुरुषोत्तमभाईंचा फोटो एका कोपऱ्यातून सुटला होता, पण नाव, शिक्का, सही, सगळे वाचता येत होते. ते तिथेच खडकावर मटकन बसले आणि त्यांनी फोटोवर अंगठा दाबून धरला. पेद्रुने शहाळे पुन्हा पुढे केले. या वेळी त्यांनी ते एका दमात संपवले आणि दुसरे मागितले. त्याच वेळी आमच्या पाठीमागे, नारळांच्या वर, तांबडा चंद्र निघत होता. पेद्रुने आम्हाला वळवून तो दाखवला, जणू त्यानेच बोलावला होता.

प्रतिपदा

पुढचे थोडक्यात. शेठनी रात्री पासपोर्ट इस्त्रीखाली वाळवले. तलैमन्नारला अधिकाऱ्याने पुरुषोत्तमभाईंचा फोटो दोनदा उजेडात धरून पाहिला आणि शिक्का मारला. षष्ठीला दुपारी आम्ही गावात होतो, आणि कमलला हळद लागली तेव्हा तिचा बाप तिच्या शेजारी उभा होता. वहिनींना मी सगळे स्वतः सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुरणाची पोळी वाढली, दोन वाढल्या.

पण प्रतिपदेची दुपार लिहायची राहिली. त्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. सकाळी मी म्हणालो, मला पुन्हा तिथे जायचे आहे. गोविंदाने कपाळावर हात मारला. पुरुषोत्तमभाई पिशवी छातीशी धरून निघाले.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. पंचांगाप्रमाणे चंद्र रोज सुमारे दोन घटका उशिरा उगवतो. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. समुद्र खरोखर चंद्राच्या मागे जात असेल, तर काल दोन पस्तीसला थांबलेले पाणी आज तीन तेवीसला थांबले पाहिजे. हे मी दोघांना आधी सांगून ठेवले. कालची काठी पेद्रुने कोणाला उपटू दिली नव्हती.

आम्ही वाळूत बसलो. तीन वाजता पाणी काठीच्या खाली होते. सव्वातीनला तिच्याजवळ. साडेतीनला एक लाट काठीपाशी आली, बुडाला वाटोळी फिरली आणि मागे गेली. त्यानंतरची आली नाही. सात मिनिटांची चूक. ती माझी, की घड्याळाची, ते ठरवता आले नाही. पेद्रु लांबून जाळे शिवत बसला होता. त्याने न मोजता मान हलवली.

पुरुषोत्तमभाई त्या काठीकडे पाहत होते. ज्या पाण्याने काल आमचे सर्व नेले, ते आज आम्ही सांगितलेल्या वेळेला तिथवर येऊन परतले होते.

"म्हणजे आते हाई खालेच जाई?" त्यांनी विचारले.

"रात्री साडेनऊपर्यंत."

"नक्की?"

"पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे."

ते उठले. सदरा काढला. सकाळपासून कोणाच्या हाती न दिलेली पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"धर," म्हणाले. "मी आंघोय करी येस."